आधी कारण, मग साधन : यवतमाळ जिल्ह्यातील एका न बोलणाऱ्या मुलीचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस आणि तूर पिकवणाऱ्या एका लहान गावातल्या मुलीचे हे प्रकरण आहे. मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून तिला प्रथम पाहिले तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, आहे. आधाराशिवाय बसता येत नव्हते, हात हवा तिथे नेता येत नव्हता आणि एकही शब्द स्पष्ट उच्चारता येत नव्हता. तिच्या कागदपत्रांत तीव्र बौद्धिक अक्षमतेची नोंद होती. घरात संवादासाठी वेगवेगळ्या वेळी मिळालेली तीन साधने पडून होती: भिंतीवरचा मोठा चित्रतक्ता, चित्रकार्डांचा गठ्ठा आणि एका दात्याने दिलेला टॅबलेट. तिन्हींच्या बाबतीत ‘मुलीचा प्रतिसाद नाही’ असाच शेरा मारलेला होता.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की या तिन्ही साधनांत मुळात काहीही वाईट नव्हते, देणाऱ्यांचा हेतूही चांगलाच होता. परंतु या मुलीच्या मेंदूला नेमकी कोठे आणि कशामुळे इजा झाली हे पाहून त्यावरून साधन ठरवण्याचे काम कोणी केले नव्हते, आणि त्यामुळे प्रत्येक साधन तिच्या शरीराला जे जमत नाही नेमके तेच तिच्याकडे मागत होते. ‘सेरेब्रल पाल्सी’ हा शब्द कागदावर आला की पुढचा प्रश्न विचारणे थांबते, असा माझा अनुभव आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून मुलीचे व गावाचे नाव येथे दिलेले नाही. लेखनास आईवडिलांची संमती आहे.

जन्मवेळचा इतिहास

आईचा रक्तगट ओ निगेटिव्ह, वडिलांचा पॉझिटिव्ह. पहिला मुलगा आईच्या माहेरी जन्मला आणि तो धडधाकट आहे. आरएच निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह रक्तगटाचे बाळ झाले, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. ते न दिल्यास आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये पुढच्या गर्भाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. पहिल्या बाळंतपणाच्या एकाही कागदावर या इंजेक्शनची नोंद नाही, आणि असे इंजेक्शन असते हे आईला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते.

दुसरी ही मुलगी. दुसऱ्याच दिवशी तिचे डोळे व अंग पिवळे दिसू लागले. बाळाला कोवळ्या उन्हात ठेवा, असे सांगून दोघींना घरी पाठवण्यात आले. घरी ऊन दाखवले गेले, शेजारगावच्या कावीळ उतरवणाऱ्याकडेही नेऊन आणले. चौथ्या दिवशी बाळाने अंगावर पिणे सोडले, रडणे चिरके झाले आणि पाठ मागे कमानीसारखी ताणू लागली. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर प्रकाशोपचार झाला, रक्त बदलले गेले, जीव वाचला. तोवर मेंदूला व्हायची ती इजा होऊन गेली होती.

येथे विषय थोडा सोडून एक गोष्ट आवर्जून लिहिते. नवजात बाळाच्या काविळीवर कोवळे ऊन हा भरवशाचा उपचार नाही. रुग्णालयातील निळ्या प्रकाशाची तरंगलांबी व तीव्रता ठरलेली असते, त्याखाली बाळ तासन्‌तास ठेवले जाते आणि रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यावर तयार होणारे पिवळे द्रव्य, पुन्हा पुन्हा मोजले जाते. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ आणि काविळीसोबत दूध न ओढणे या तिन्ही गोष्टींत एक तासही घरी थांबू नये. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या प्रत्येक बैठकीत मी हे सांगते, कारण या एका आजारातून येणारे अपंगत्व जवळजवळ पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे.

बिलिरुबिनची इजा मेंदूत सगळीकडे सारखी होत नाही, आणि या प्रकरणाचा सारा पुढचा भाग या एका गोष्टीवर उभा आहे. मेंदूच्या खोल भागातील ग्लोबस पॅलिडस हे केंद्र, मेंदूस्तंभातील श्रवणाची केंद्रे आणि डोळ्यांची हालचाल सांभाळणारे काही मार्ग यांना ती प्रामुख्याने होते. विचार व भाषा यांचे काम करणारा मेंदूचा बाह्य थर पुष्कळदा वाचतो. त्यामुळे कर्निक्टेरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत चार गोष्टी एकत्र आढळतात: हातापायांच्या अनैच्छिक, वळवळत्या हालचाली, श्रवणदोष, वर पाहण्यात अडचण, आणि दुधाच्या दातांचे कच्चे आवरण. बुद्धी मात्र बाहेरून दिसते त्यापेक्षा बरीच शाबूत असू शकते. मुलीच्या फाइलमध्ये एमआरआयचा अहवाल होता आणि त्यात दोन्ही बाजूंच्या ग्लोबस पॅलिडसमधील बदल स्पष्ट लिहिलेला होता. त्या एका ओळीवरून बाकीच्या तीन गोष्टी शोधायला हव्या होत्या.

तपासणीत काय दिसले

सुरुवात डोळ्यांपासून केली. मुलीला आईच्या मांडीवर टेकवून बसवले आणि तिच्या आवडीची लाल बांगडी चेहऱ्यासमोर हळूहळू हलवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नजर छान फिरली. बांगडी खाली नेली, नजर खाली आली. बांगडी भुवयांच्या वर नेताच नजर मध्येच अडली. तिने हनुवटी उचलून मान मागे टाकली आणि त्याबरोबर पाठ ताणली, दोन्ही हात बाजूंना फेकले गेले, तोंड उघडे पडले. शांत झाल्यावर पुन्हा तसेच करून पाहिले, पुन्हा तेच. भिंतीवरचा चित्रतक्ता या मुलीच्या कामाचा का नव्हता ते तिथेच कळले. तो भिंतीवर मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला होता आणि ती सतरंजीवर बसत असे. पाहायचे म्हटले की मान मागे जाई, मान मागे गेली की सारे अंग ताणले जाई, आणि पाहणाऱ्याला वाटे की मुलीला चित्रांत रस नाही.

त्यानंतर कान. तिसऱ्या वर्षी एका शिबिरात तिची ओ.ए.ई. चाचणी झाली होती आणि निकाल ‘पास’ होता. भांडे पडले की ती दचकते, मोटारसायकलचा आवाज आला की दाराकडे पाहते, हे आईही सांगत होती. पण मागून नाव घेऊन हाक मारली, किंवा चारजणांच्या गलक्यात काही विचारले, तर तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. ऐकू येते पण समजत नाही, म्हणजे बुद्धी कमी, असा निष्कर्ष त्यातून निघाला होता. ओ.ए.ई. चाचणी आतल्या कानातील बाह्य केशपेशींचे काम तपासते. तिथून पुढे श्रवणाच्या नसेतून मेंदूस्तंभापर्यंत संदेश नीट जातो का, हे बेरा चाचणीत कळते. बिलिरुबिनची इजा पुष्कळदा या पुढच्या टप्प्यावर असते. नागपूरला बेरा करून घेतली, तेव्हा ओ.ए.ई. उपस्थित आणि बेराच्या लहरी जवळजवळ नाहीत, असे ऑडिटरी न्यूरोपॅथीचे ठरावीक चित्र मिळाले. या विकारात स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखे ऐकू येते: आवाज आहे हे कळते, शब्द मात्र कधी लागतो, कधी तुटतो, आणि गोंगाटात तर अजिबात लागत नाही. शांत खोलीत, समोर बसून, तोंडाच्या हालचाली दिसतील असे बोलल्यावर हीच मुलगी साध्या प्रश्नांना नजरेने उत्तरे देत होती.

आईने पहिल्याच भेटीत मला सांगितले होते, “पोट्टीले समदं समजते म्याडम, फक्त सांगता येत नाई.” घरच्यांना ही आईची माया वाटे. तपासणीने तिचे म्हणणे बरेचसे खरे ठरवले. चुलीजवळ, माणसे कामाला गेल्यावर, चेहऱ्यासमोर चेहरा ठेवून आई तिच्याशी जे बोलत होती, ते तिच्यापर्यंत पोचत होते.

तिसरी गोष्ट बसण्याची. या प्रकारच्या सेरेब्रल पाल्सीत हालचाल करण्याचा प्रयत्न जितका मोठा, तितकी नको ती हालचाल वाढते. आनंद, भीती, घाई यांनीही वाढते आणि झोपेत जवळजवळ थांबते. ‘हात लाव, बोट दाखव’ असे सांगत चित्रकार्डे समोर धरली, तर मुलगी जीव तोडून प्रयत्न करते आणि कार्डे चहूकडे उडतात. शिवाय मान एका बाजूला वळताच त्या बाजूचा हात ताठ होण्याची लहानपणीची प्रतिक्षिप्त क्रिया तिच्यात अजून टिकून होती. शिबिरात मिळालेली खुर्ची तिच्या मापापेक्षा मोठी होती. गावातल्या सुताराने, भौतिकोपचारतज्ज्ञांनी काढून दिलेल्या मापावरून, कोपऱ्याच्या आकाराची पाठ असलेली लाकडी खुर्ची तयार केली. तिला पुढे फळी, पायाखाली पाट आणि डाव्या हाताने घट्ट धरायला एक आडवा दांडा बसवला. दांडा धरला की डावा हात स्थिर राही, आणि तो स्थिर राहिला की डोके मध्यावर टिके. जुन्या लुगड्याच्या घड्या करून कमरेच्या दोन्ही बाजूंना भरल्या. संवादाचे कोणतेही साधन येण्याआधी ही खुर्ची आली, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलीची सारी शक्ती तोल सांभाळण्यात जाते, तिच्याकडे बोलण्यासाठी काही उरत नाही.

हाव आणि नाई

आता शरीराच्या कोणत्या हालचालीवर विसंबायचे, हे ठरवायचे होते. हात नाही, मान नाही, आवाज नाही. जीभ बाहेर काढली की ‘हो’, असे आजीचे मत होते. पण जीभ अनैच्छिकपणेही बाहेर येत होती. आडवी नजर मात्र तिच्या पूर्ण ताब्यात होती. म्हणून फळीच्या उजव्या टोकाला हिरव्या कडेचे ‘हाव’चे, म्हणजे होकाराचे, कार्ड आणि डाव्या टोकाला लाल कडेचे ‘नाई’चे कार्ड, दोन्ही हनुवटीच्या पातळीच्या थोडे खाली, अशी रचना केली. घरात वऱ्हाडी बोलतात, म्हणून शब्दही घरातलेच घेतले.

हे उत्तर खरेच तिचे आहे का, याची खात्री केल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मी आईवडिलांना सुरुवातीलाच सांगितले. अपंग मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे दाखवून घेण्याच्या एका पद्धतीने पूर्वी जगभर फार नुकसान केले आहे. तपासणीत निघाले की ते शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात. त्यामुळे येथे तिला कोणीही स्पर्श करायचा नाही, प्रश्न विचारणाऱ्याने दोन्ही कार्डांपैकी कोणत्याही कार्डाकडे पाहायचे नाही, आणि नजर कार्डावर क्षणभर थांबली तरच उत्तर धरायचे, असे नियम ठेवले. उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारले, मुद्दाम उलटसुलटही विचारले. “ही आजी आहे का?” असे बकरीकडे बोट दाखवून विचारल्यावर तिने ‘नाई’कडे पाहिले आणि खुर्चीत सारे अंग वळवत हसत सुटली. ते हसू पाहून वडील, जे तोवर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, आत येऊन बसले.

वही

या क्षेत्राला पूरक व पर्यायी संप्रेषण म्हणतात. त्याची सुरुवात यंत्रांनी झालेली नाही. १९७१ मध्ये टोरांटो येथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसोबत चार्ल्स ब्लिस यांच्या चिन्हलिपीचा उपयोग सुरू झाला, तेव्हा साधन होते चिन्हे लिहिलेली पाटी. आपल्याकडेही कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सीसारख्या संस्थांनी कागदी फलकांवर दीर्घकाळ काम केले आहे. आम्हीही वहीपासून सुरुवात केली.

वहीच्या प्रत्येक पानावर एका आडव्या ओळीत चार मोठी चित्रे. उभ्या ओळी नाहीत, कारण नजर वर नेणे तिला जमत नाही. पहिल्या पानावर विषय: माणसे, अंग, जेवण, वावर (शेत), आणि पुढच्या पानावर आणखी काही. समोरचा माणूस एकेका चित्रावर बोट ठेवत जातो, शब्द सावकाश उच्चारतो, थांबतो. हवे ते चित्र आले की ती ‘हाव’कडे पाहते. मग त्या विषयाचे पान उघडायचे. पाने तालुक्याच्या ठिकाणच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतली आणि चकाकी टाळण्यासाठी खडबडीत कागद वापरला, कारण ओसरीवर बसल्यावर गुळगुळीत लॅमिनेशनवर उन्हाची तिरीप पडून चित्र दिसेनासे होत होते. अंगाचे ताणले जाणे कमी व्हावे म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिल या औषधाने जवळचे धूसर दिसू शकते. हे लक्षात घेऊन चित्रे मोठी केली आणि वही हातभर अंतरावर धरायला सांगितली.

शब्द कोणते घ्यायचे, यावर घरात बरीच चर्चा झाली. पाणी, जेवण, शी, शू, झोप अशी गरजांची चित्रे सगळ्यांना लगेच सुचतात, आणि दुर्दैवाने पुष्कळ मुलांच्या वह्या तेवढ्यावरच संपतात. सात वर्षांचे मूल दिवसभर फक्त गरजा सांगत नाही. ते नको म्हणते, थांब म्हणते, तक्रार करते, चिडवते, ‘काहून?’ विचारते. म्हणून प्रत्येक पानाच्या कडेला कायम राहणारे शब्द ठेवले: आखीन (आणखी), नोको, थांब, पाय (पाहा), माह्यं (माझं). दादाला ओरडण्यासाठी ‘जा तिकडं’ हेही ठेवले, आणि पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त वापरले गेले ते तेच.

आई कापूस वेचायला जाते. वेचणीच्या दिवसांत ती सकाळी निघते आणि दिवेलागणीला येते. दिवसभर मुलीजवळ आजी असते. आजींना वाचता येत नाही, म्हणून चित्राखालचा शब्द त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांना प्रत्येक चित्र आम्ही बोलून पाठ करून दिले आणि काही चित्रे त्यांच्या सांगण्यावरून बदलली. छापील संचातला ‘पाव’ काढून तिथे ज्वारीची भाकर आली. आणखी एक सवय दोघींना लावावी लागली, आणि ती सर्वांत कठीण गेली: वही फक्त मुलीने बोलण्यासाठी नाही, तिच्याशी बोलण्यासाठीही आहे. आई ‘बाबा वावरात गेले’ असे म्हणते, तेव्हा तिने बाबा आणि वावर या चित्रांवर बोट ठेवत म्हणायचे. कोणतेही मूल बोलण्याआधी बरेच दिवस ऐकते. या मुलीला शब्द तुटक ऐकू येतात, तेव्हा चित्र हाच तिच्यासाठी भाषा ऐकण्याचाही मार्ग आहे.

रोही

काही महिन्यांनी खात्रीची मोठी चाचणी घेतली. वडिलांनी मुलीला गोठ्याजवळ नेऊन, समोर बसून, वहीतील चित्रे दाखवत एक घडलेली गोष्ट सांगितली: पहाटे तुरीच्या वावरात रोही, म्हणजे नीलगाई, शिरले, ते स्वतः त्यांना हाकलायला धावले आणि त्यांची चप्पल चिखलात रुतून बसली. आई तेव्हा नळावर होती. “मायले तूच सांग,” असे म्हणून वडील बाहेर निघून गेले. आई घागर ठेवून समोर बसली आणि वही उघडली; तिला काहीच ठाऊक नव्हते. मी मागच्या भिंतीशी, मुलीला दिसणार नाही अशी बसले होते.

विषयांच्या पानावर तिने वावर निवडले. वावराच्या पानावर आईचे बोट कापूस, तूर, बैल यांवरून पुढे गेले; तुरीवर ती हाव म्हणाली. दुसऱ्या पानावर डुक्कर आले, नाई. रोही आले, हाव. आईला वाटले गोष्ट संपली. मुलीची नजर कडेच्या ‘आखीन’वर गेली आणि तिथेच राहिली. मग माणसांच्या पानावर बाबा, आणि कामांच्या पानावर धावणे. “बाबा रोहीच्या मांगं धावले?” असे आईने विचारताच मुलगी इतकी हसली की अंग कमानीसारखे ताणले गेले आणि तिला शांत होईपर्यंत वही बाजूला ठेवावी लागली. त्यानंतर पुन्हा नजर ‘आखीन’वर. आईने पान उलटले, दुसरे उलटले, अंगाचे पान पाहिले, घराचे पाहिले. प्रत्येक वेळी नाई. चपलेचे चित्र वहीत नव्हते. ती बराच वेळ शोधत राहिली, मग रडू लागली.

घरच्यांना ते रडणे अपयश वाटले. मला तसे वाटले नाही. सांगायचे काय आहे ते तिला पक्के ठाऊक होते, समोर जे आहे त्यात ते नाही हेही ठाऊक होते, आणि ‘जवळपासचे’ काहीतरी निवडून प्रश्न मिटवायला ती तयार नव्हती. त्याच दिवशी प्रत्येक पानाच्या कडेला ‘वहीत नाई’ हे नवे चित्र घातले: बंद वहीवर फुली. ते दिसले की समोरच्याने चित्रे दाखवणे थांबवायचे आणि प्रश्न विचारत जायचे: माणूस आहे का, वस्तू आहे का, अंगावर घालायची का, पायात का. कागदपत्रांतील तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या नोंदीबद्दल फेरतपासणी मागण्यासाठी मी जे निवेदन तयार केले, त्यात या दुपारची नोंद जशीच्या तशी जोडली. ती जुनी नोंद ज्या चाचणीवर आधारलेली होती, तिच्यात बोट दाखवून किंवा बोलून उत्तर द्यावे लागत होते.

दात

वहीचा सर्वांत मोठा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. मुलगी रात्री उठून रडते, ही तक्रार फार जुनी होती. आजी “काहून रडते व माय?” म्हणत मीठ-मोहरी ओवाळत असत, आणि डॉक्टरांनी एकदा पोटाचे व एकदा झोपेचे औषध दिले होते. अंगाच्या पानावर ‘दुखतं’ हे चित्र होते. एका रात्री आईने कंदील जवळ घेऊन वही धरली, तेव्हा तिने ‘दुखतं’ आणि नंतर ‘तोंड’ यांना हाव म्हटले. दंतवैद्यांकडे नेल्यावर दाढा किडलेल्या निघाल्या. दुधाच्या दातांचे आवरण कच्चे असणे हा याच आजाराचा भाग आहे, हे वर आलेच आहे. पण ज्याला कोठे दुखते ते सांगता येत नाही, त्याचे दात कोणी पाहत नाही. दाढांवर उपचार झाल्यानंतर ते रात्रीचे रडणे पुष्कळ कमी झाले.

टॅबलेट आणि शाळा

टॅबलेटचे काय झाले, हा प्रश्न साहजिक आहे. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागाने तयार केलेले ‘जेलो’ हे चित्रांवर बोट टेकवून बोलण्याचे अ‍ॅप मोफत मिळते आणि मराठीतही वापरता येते. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे अ‍ॅपही अनेक मुलांना उपयोगी पडले आहे. दोन्ही चांगली साधने आहेत. ज्या मुलाला बोट नेमके टेकवता येते, त्याला मी ती पहिल्या दिवसापासून देते. या मुलीला ते जमत नाही. नजरेने चालणारी यंत्रे लाखांच्या घरात जातात, शिवाय त्यांना सहसा पडद्याच्या चारही कोपऱ्यांत नजर स्थिर करून द्यावी लागते, आणि वरचे दोन कोपरे तिच्या आवाक्याबाहेर आहेत. दोनच रकान्यांची, पडदा खाली ठेवून केलेली मांडणी वापरता आली, तरच त्या खर्चाचा विचार करण्यात अर्थ आहे. मे महिन्यात टॅबलेट तापून बंद पडणे आणि वीज जाणे या अडचणी वेगळ्याच.

सध्या तिच्याकडे एकच यंत्र आहे: दाबले की ध्वनिमुद्रित वाक्य वाजणारे एक मोठे बटण. ते उजव्या गुडघ्याजवळ, मांडी बाहेर सरकवली की दाबले जाईल असे बसवले आहे, कारण मानेच्या बाजूला बसवले तर हात ताठ होतो. वाक्ये तिच्याच वयाच्या चुलत बहिणीच्या आवाजात भरली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचे नाव गृहाधारित शिक्षणाखाली आहे. आता ती आठवड्यातून एकदा वर्गातही जाते. हजेरीला तिचे नाव आले की ‘हजर मॅडम’ वाजते. वर्गात गोंगाट असल्याने बाई तिच्यासमोर येऊन नाव घेतात, हे त्यांनी स्वतःहून सुरू केले.

अक्षरांसाठी आपली वर्णमाला या पद्धतीला फार सोयीची आहे. क पासून म पर्यंतची पंचवीस व्यंजने आधीच पाच-पाचच्या पाच वर्गांत मांडलेली आहेत. फिरत्या विशेष शिक्षिकेने प्रत्येक वर्गाचे एक पान केले. आधी वर्ग विचारायचा, मग त्यातले अक्षर. मात्रा अजून जमत नाहीत, पण ‘वहीत नाई’ आल्यावर पहिले अक्षर सांगण्यापर्यंत ती पोचली आहे. च वर्ग, त्यातले च, एवढे कळले की घरचे आता चप्पल, चहा, चादर असे विचारत जातात.

संवादक्षमतेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच पातळ्यांच्या वर्गीकरणात ती आधी पाचव्या, म्हणजे सर्वांत खालच्या, पातळीवर नोंदली गेली होती. ओळखीच्या माणसांसोबत, वहीसह, ती आता चौथ्या आणि तिसऱ्या पातळीच्या मध्ये आहे. एक वाक्य पूर्ण व्हायला कित्येक मिनिटे लागतात, अनोळखी माणसाशी संवाद जवळजवळ होत नाही, आणि समोर वही धरणारे कोणी नसेल तर ती गप्पच राहते. या शेवटच्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील ‘संप्रेषण’ या संज्ञेच्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश आहे. तरीही वही धरायला शिकलेला माणूस शाळेत असणे हा तिचा हक्क आहे, हे आम्हाला दर वर्षी नव्याने पटवून द्यावे लागते.

श्रवणयंत्राची चाचणी सुरू आहे; ऑडिटरी न्यूरोपॅथीत त्याचा उपयोग होतोच असे नाही, म्हणून घरातील शांत वेळेत आणि वर्गात अशा दोन्ही ठिकाणी तिचे प्रतिसाद नोंदवले जात आहेत. प्रमाणपत्राची फेरतपासणी बहुविकलांगतेच्या अंगाने व्हावी, असा अर्ज दिला आहे. गावातली शाळा चौथीपर्यंतच आहे आणि पाचवीची शाळा शेजारच्या गावी आहे, तेव्हा तेथील शिक्षकांना व तिच्यासोबत जाणाऱ्या चुलत बहिणीला उन्हाळ्याच्या सुटीतच वही शिकवायची, असे ठरले आहे. वावराच्या पानासाठी चुलत बहिणीने सांगितलेली नवी चित्रे काढून तयार आहेत. त्यांत चिखल आहे, बुजगावणे आहे आणि चप्पल आहे.